स्टेन्सिलवर न मावलेलं वाक्य

महिपत तांबे जन्मभर दोनच गोष्टी नेमाने करत आला. एक टायपिंग, दुसरी केरू गुरुजींचं नाव घेणं. राजापूरकडच्या वाडीत गुरुजींनीच त्याला अंगणात बसवून बाराखडी शिकवली. छप्पन साली गुरुजींच्या मागोमाग अख्खी वाडी बौद्ध झाली, तेव्हा हा दहा वर्षांचा. पुढे रत्नागिरीच्या कोर्टात टायपिस्ट लागला. बोटं अशी पळायची की साहेब म्हणत, "महिपत, आधी मला बोलून तरी होऊ दे!"

बायको लवकर गेली. एकच लेक, शमिका. ती नर्स झाली आणि अठ्ठ्याण्णव साली तिने फ्रान्सिसशी चर्चमध्ये लग्न लावलं. पोरगा वाईट नव्हता हो. अंजनवेलला वायरमन, दारूला शिवत नसे. पण लेक दारात आली तेव्हा महिपतने उंबऱ्यात उभं राहून तिला गुरुजींचं वाक्य ऐकवलं, "जो ख्रिस्ती झाला तो आपल्याला परका झाला." गुरुजींच्या दर पुण्यतिथीला विहारात सगळे म्हणायचे ते. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

शमिका म्हणाली, "आबा, हे तुम्ही बोलताय की गुरुजी?"

"गुरुजी."

झालं. तिथून बापलेकीत शब्द नाही. रिटायर झाल्यावर तर खोलीत माणसाचा आवाज म्हणजे रेडिओ. एकट्यापुरता भात शिजवणं मोठं कठीण. मूठभर टाका, चिमूटभर टाका, उरतोच. तो सकाळी तोच खायचा.

दोन हजार पाच साली कॉलेजातल्या हेमा मॅडम आल्या. केरू गुरुजींना ख्रिस्ती धर्माबद्दल खरंच काय वाटायचं, याचा त्या अभ्यास करत होत्या. गुरुजींच्या अकरा वह्या विहारातल्या पेटीत होत्या. अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या, आणि ते वाचता येणारा महिपत एकटाच उरलेला. मॅडमनी कॉम्प्युटर त्याच्या खोलीत आणून ठेवला आणि त्याच्या बटणांवरची अक्षरं जुन्या टाइपरायटरसारखीच लावून दिली. चार महिन्यांत अकरा वह्या आत गेल्या. मॅडम दर शनिवारी येत, म्हणून शनिवारी तो दाढी करी.

मग मॅडमनी यंत्राला विचारलं, 'ख्रिस्ती' हा शब्द कुठे कुठे आहे, आणि त्याच्या आजूबाजूला कोण बसलंय? चौसष्ट जागा निघाल्या. मॅडम शेजारचे शब्द वाचू लागल्या. दवाखाना, शाळा, सिस्टर, औषध, पुन्हा दवाखाना.

"राग नऊच ठिकाणी आहे, काका. तोही चर्चच्या बाकांवर जात पाळतात म्हणून."

"आणि ते वाक्य?"

"आहे ना. पण तुम्ही म्हणता तिथे ते संपत नाही."

महिपतने चष्मा पुसून वाचलं. 'जो ख्रिस्ती झाला तो आपल्याला परका झाला, असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं, तो तापाने फणफणत होता तेव्हा आपण कुठे होतो.'

"हे मी टाइप केलं?"

"तुम्हीच. फेब्रुवारीत."

टायपिस्टची जातच तशी. बोटं वाचतात, डोकं दुसरीकडे फिरत असतं. पण आता डोकं जागेवर आलं. एकाहत्तर साल, गुरुजींची पहिली पुण्यतिथी, वह्यांतली गुरुजींची वाक्यं घेऊन वाटायला पत्रक काढायचं होतं. स्टेन्सिलचा कागद एकच. हे वाक्य येईस्तोवर कागद तळाला लागला. तेव्हा त्याने 'परका झाला'पाशी पूर्णविराम ठोकला आणि सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवून दोनशे प्रती काढल्या. वह्या पेटीत गेल्या. पत्रक घरोघरी गेलं.

रविवारी विहारात त्याने रावजीला, म्हणजे कमिटीच्या अध्यक्षाला, सगळं सांगितलं.

रावजी म्हणाला, "मेल्या, चौतीस वर्षांनी? पोरांना पाठ आहे ते. आता काय शेपूट जोडतोस?"

"शेपूट नाय रे. तोंड ते."

रावजी चटया गुंडाळायला लागला.

महिपत तसाच बाजारातल्या फोनच्या बूथवर गेला. नंबर मॅडमनीच शोधून दिला होता. शमिकाने फोन उचलला, आणि त्याने 'कशी आहेस' वगैरे न विचारता अख्खं वाक्य म्हणून दाखवलं, कोर्टात जबानी वाचतात तसं. मग म्हणाला, "चूक माझी. कागद संपला होता."

 तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"आबा, दोन हजार एकला माझं मूल गेलं. सातव्या महिन्यात. तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग गुरुजी विचारतायत ना, सांगा. कुठे होतात?"

कोर्टात उभ्या जन्मात त्याने हजारो लोकांची उत्तरं टाइप केली होती. स्वतःचं हे पहिलंच. म्हणाला, "खोलीतच होतो गो."

"आज मला पुढे बोलवत नाही, आबा," शमिका म्हणाली. "पुन्हा करा फोन."

पुन्हा कधी ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर त्याला झाला नाही. बूथवाला म्हणाला, "झालं ना काका? बाहेर माणसं खोळंबलीत." तेव्हा कुठे महिपतने कानाचा रिसीव्हर खाली ठेवला.