सेकंड लीडची वकिली मलाच नडली

मंडळी, कोरियन ड्रामातल्या सेकंड लीडची, म्हणजे दुसऱ्या नायकाची, बाजू या ग्रुपवर माझ्याइतकी कुणी घेतली नसेल. सगळं समजून घेणारा, आणि शेवटी हिरोईन हिरोबरोबर जाते तेव्हा नुसता बघत राहणारा तो बिचारा.

आज दुपारी जयनगरला मावशीकडे मला बघायला एक मुलगा आला होता. शांत, अदबशीर. कॉफी मला फारच गोड लागली हे चेहऱ्यावरून ओळखून त्याने आपला बिनसाखरेचा, न उष्टावलेला कप माझ्याकडे सरकवला.

आईने ते पाहिलं. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "हा तर तुझा सेकंड लीड गं."

"आई, मला तसं काही वाटलं नाही त्याच्याबद्दल."

तिने मोबाईल काढून माझीच इथली जुनी पोस्ट वाचून दाखवली. "अशा मुलाला नाही म्हणणारीचे डोळे तपासायला हवेत."

मावशी हसली आणि तिच्या सवयीच्या कानडीत होकार भरला. "सरी, मग ठरलंच की."

नोकरी, घर, स्वभाव, कशातच खोट नाही. कोरमंगलाला पीजीवर परत येईपर्यंत आईचे तीन फोन झाले.

त्या हिरोईनींना आपण आंधळ्या म्हटलं, कृतघ्न म्हटलं. तिला तो आवडला नाही एवढं कारण पुरे, असं आपल्यापैकी कुणी कधी लिहिलं का? मी तर नाही.

आई, तूही या ग्रुपमध्ये आहेस, म्हणून इथेच विचारते. एवढं कारण तुला पुरेल का?