शिळं पाणी

चंदनसारला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने चौथ्या मजल्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. वारा काय, उजेड काय, समोरचा डोंगर काय. पाण्याबद्दल तो बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. टाकी आमच्याच डोक्यावर गच्चीत होती, तेव्हा मला वाटलं, पाणी उतरेल ते आधी आमच्याकडेच. कसलं काय. संध्याकाळी वॉचमनने व्हॉल्व्ह उघडला की खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ धो धो सुटायचे आणि आमचा नुसता खाकरायचा. थोड्याच वेळात टाकी रिकामी व्हायची.

मग मी कळशी घेऊन तळमजल्याच्या काकूंकडे उतरायची. मी मुळात तापट, त्यामुळे जिना उतरताना माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. काकू रत्नागिरीकडच्या, घर आरशासारखं लख्ख. कळशी भरून द्यायच्या, पण वर ऐकवायच्याही, "आमच्याकडे पाण्याचा काही त्रास नाही हो. तुमच्याच नळात काहीतरी असेल." असा राग यायचा म्हणून सांगू.

शेवटी आमच्या ह्यांनी हात टेकले. म्हणाले, विकून टाकू आणि परळला दादांकडे परत जाऊ. ब्रोकरला सांगूनही आले. तिथे लग्न झाल्यापासून मी जावेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरले होते. डबे कुठे ठेवायचे हेसुद्धा विचारून. इथली मांडणी मी माझ्या हाताने लावली होती. ती सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

तेव्हा मी एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात टायपिस्ट होते. आमचे साहेब मॅनेजर लोकांचे वर्ग घेत आणि त्यांच्या नोट्स मी टाइप करी. तेच तेच इतकं टाइप केलं की दगडालासुद्धा थोडं कळेल. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. प्रत्येक खातं आपापलं काम चोख करतं आणि तरी कंपनीचं बिघडतं, कारण एकाच्या चोखपणाचा भुर्दंड भलत्यालाच पडतो आणि पहिल्याला तो दिसत नाही. म्हणून गुन्हेगार शोधत बसू नका, सगळ्यांना एकत्र बसवा आणि मिळून बघू द्या.

हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगायला गेले, चांगला तक्ता वगैरे काढून. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, ऑफिस ऑफिसात ठेवा, टँकरचं काय ते बोला." सगळे हसले. आमचे हेही हसले, ते जास्त झोंबलं.

मग मी पुरुषांचा नाद सोडला. चैत्र आलाच होता. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना मी हळदीकुंकवाला बोलावलं आणि मजल्यांप्रमाणे ओळीने बसवलं. तळमजल्याच्या काकू पहिल्या, माझी शेजारीण शेवटची. पन्ह्याचा जग काकूंच्या हातात दिला आणि म्हटलं, "हवं तेवढं घ्या आणि पुढे द्या. पुढचा जग कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही." काकूंनी आपला पेला काठोकाठ भरला, नातवासाठी म्हणून आणखी एक भरला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही हात सैल सोडला. माझ्या शेजारणीपर्यंत जग पोचला तेव्हा तळाशी वेलचीची पूड तेवढी उरली होती. हसून हसून पुरेवाट झाली.

मी दुसरा जग आणला. ओळीतल्या पहिल्या काही जणींचे पेले अजून अर्धे भरलेले होते. म्हटलं, "काकू, आता ताजं आलंय. पेल्यात उरलंय त्याचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे, पिणार," काकू म्हणाल्या. "पन्हं ते. पाणी असतं तर शिळं म्हणून ओतलं असतं."

बोलून गेल्या आणि त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग पहिल्या मजल्यावरची म्हणाली, मीही ओतते, ताजं आलं की पिंप आधी रिकामं करते. दुसऱ्या मजल्यावरचीही तेच म्हणाली. सगळ्यांच्या आयांनी तेच शिकवलेलं, माझ्याही. ओतायला काही उरलं असतं तर मीही ओतलंच असतं.

काकू माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मोरीतून रोज हिचं पाणी जातं."

मी नवा जग पुढे सरकवला. खरं तर बोलायला बरंच होतं, पण गुन्हेगार शोधायचा नाही, एवढं नोट्सनी शिकवलं होतं.

"पण शिळं पाणी देवाला कसं चालेल?" काकूंनी विचारलं.

"देवाला तांब्याभर लागतं, काकू. त्याला कुठे पिंपात डुंबायचंय?" माझी शेजारीण म्हणाली, आणि काकूही हसल्या.

त्या दिवशी ठरलं की पिण्याचं आणि देवाचं तेवढं ताजं भरायचं, पिंपातलं धुण्याभांड्याला वापरायचं, ओतायचं नाही. शनिवारी पुन्हा जमायचं आणि कुठे अडलं ते बोलायचं. अडलं तर होतंच. कुणाची सासू ऐकेना, कुणाचा हात सवयीने पिंपाकडे जाई. पण कुणी कुणाला बोल लावला नाही. आणि एका संध्याकाळी आमचा नळ खाकरला, थांबला आणि सरळ वाहायला लागला. मला रडूच आलं.

हे म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस." पण तेही बघत होते.

नेमकं त्याच आठवड्यात रविवारी संध्याकाळी ब्रोकरने एक जोडपं पाठवलं. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं आणि पाण्याचं विचारलं. ह्यांनी ऐटीत नळ सोडून दाखवला. त्या बाईंचा चेहरा असा खुलला की मला कळून चुकलं, आता घर गेलं. मी आणलेल्या पाण्यानेच माझं घर विकलं जात होतं. मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले. उद्या टोकन देतो म्हणून ते निघाले, हे त्यांना सोडायला खाली गेले.

परत आले ते चक्रावलेले. "अगं, काकूंनी त्यांना पायरीवरच थांबवलं. म्हणाल्या, वर थेंब चढत नाही, ही बिचारी माझ्याकडून कळशा भरून नेते. ते गेले की तसेच."

मी धडधडत खाली उतरले. काकू पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, धडधडीत खोटं बोललात."

"खोटं कसं गो?" त्यांनी मान वर केली नाही. "तू गेलीस की मी उद्यापासून पुन्हा ओतणार. मग चढेल वर पाणी?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.