वरवंडच्या बसची उद्घाटनं

नारळ फुटेना. नानांनी तो बसच्या बंपरवर एकदा आपटला, दोनदा आपटला. तिसऱ्यांदा बंपरलाच पोचा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, दगडावर फोडा की." मग नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, हिरवा झेंडा हलला आणि आमची बस वरवंडहून दिमाखात हडपसरकडे निघाली. आत फोटोग्राफर आणि नानांचे कार्यकर्ते. कार्यकर्ते भांडगावला उतरले, कारण तिथं नाश्ता होता. बस तिथून रिकामी थेट डेपोत आली. दुसऱ्या दिवशी ती वरवंडला गेलीच नाही.

मी तेव्हा शहराच्या बस कंपनीत शेड्यूलिंग बघत होते. शेड्यूल म्हणजे कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कुठून कधी सुटणार याची आखणी. बस रस्त्यावर येण्याआधी आम्ही ती कागदावर चालवतो. कागदावर ट्रॅफिक नसतो, त्यामुळे तिथं ती कायम वेळेवर पोचते.

ही वरवंडची बस मीच आखली होती, लॉकडाऊनमध्ये. सगळी शहर बससेवा बंद होती. पण हॉस्पिटलं सुरू होती आणि ती झाडणारी, पुसणारी, पेशंटचे डबे भरणारी माणसं सोलापूर रस्त्याच्या गावांमधून यायची. आमच्या वाहतूक विभागाचे प्रमुख बिडकर साहेब. त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, अत्यावश्यक सेवेची गाडी पाहिजे. वरवंडपासून. परवापासून."

"साहेब, पहाटे सुटायची म्हणजे मुक्कामी ठेवावी लागेल." मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावातच थांबणारी. नाहीतर डेपोतून रोज रिकामी धावते. त्याला आम्ही डेड किलोमीटर म्हणतो, डिझेल जळतं आणि माणूस एकही नाही.

"ठेवा मुक्कामी. देशाचा प्रश्न आहे."

देशाचा प्रश्न होता, पण गावाचा वेगळा होता. गावकऱ्यांनी ड्रायव्हर पोपटरावांना देवळाच्या ओसरीवर झोपू दिलं नाही. शहरातली गाडी, शहरातला माणूस. बस हायवेच्या कडेला लावून पोपटराव मागच्या लांब सीटवर झोपायचे. त्यांना डबा द्यायच्या भांडगावच्या शालनताई. हॉस्पिटलात आया म्हणून काम करणाऱ्या, पन्नाशीच्या. एकदा फोनवर त्या मला म्हणाल्या, "म्याडम, हास्पिटलात आमच्यावर फुलं टाकत्यात, आन् गावात नळावर हंडा लावू देत न्हाईत. ह्यातलं खरं कुठलं धरायचं?"

मी विषय बदलून गाडीची वेळ बरोबर आहे का, ते विचारलं.

नियमाप्रमाणे आम्ही एक सोडून एक सीटवर लाल रंगाने फुल्या मारल्या. फुलीवर कुणी बसायचं नाही, उभं राहायचं नाही. अर्धी गाडी भरली की कंडक्टर दार लावायचा. उरलेली माणसं स्टॉपवर राहायची. चौफुल्याच्या स्टॉपवर वडगाव रासाईची सुमन चढायची. विशीतली पोरगी, हॉस्पिटलच्या वॉर्डात साफसफाईला. तिचा भाऊ तिला भीमेचा पूल ओलांडून मोटरसायकलवर सोडायला यायचा. कधीकधी गाडी तिच्या आधीच "भरायची". मग तो तिला तसाच पुढं हडपसरपर्यंत घेऊन जायचा.

साथ ओसरली. सत्कार झाले. शालनताईंना योद्धा लिहिलेलं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्यांचं नाव शालिनी छापलं होतं. आणि कंपनीने एक सल्लागार संस्था नेमली. कामाचं नाव होतं महामारीनंतर बससेवेचं पुनरुज्जीवन. पुनरुज्जीवनाची पहिली पायरी म्हणून काय काय बंद करायचं, ते त्यांनी सांगितलं. त्यात वरवंड होतं.

मीटिंगला सल्लागारांचा निहार नावाचा मुलगा पडद्यावर चार्ट दाखवत होता. "ह्या रूटवर ऑक्युपन्सी निम्मीच आहे. म्हणजे निम्म्या सीट कायम रिकाम्या. डिमांड संपलेली दिसते."

मी म्हटलं, "निहार, हा आकडा कधीचा?"

"साथीच्या काळातला. सगळ्यात लेटेस्ट तोच आहे."

"तेव्हा निम्म्याच सीटवर बसायची परवानगी होती. उरलेल्यांवर आपण फुल्या मारल्या होत्या."

त्याने चार्टकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण मॅडम, सीट रिकाम्या होत्या हे तर खरं आहे ना?"

मी बिडकर साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "डेटा खोटं बोलत नाही, मॅडम." माणसांना चढू न देता बस रिकामी आहे हे सिद्ध करणारी आमची जगातली पहिली कंपनी असावी. रूट बंद झाला. ऑर्डरचा मसुदा मलाच करायला सांगितला.

बस गेली, पण हॉस्पिटल तिथंच होतं. बायका पहाटे फुलांच्या टेम्पोने जाऊ लागल्या. झेंडू, शेवंतीच्या पोत्यांवर बसून. एका पहाटे यवतच्या अलीकडे टेम्पोचा मागचा फाळका सुटला आणि सुमन रस्त्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला टाके. ज्या वॉर्डची फरशी ती पुसायची त्याच वॉर्डात तिला दाखल केलं.

मी भेटायला गेले. शालनताई ड्युटीवरच होत्या. सुमन झोपली होती. भाऊ कॉटजवळ उभा होता. मला वाटलं हा आता ओरडणार. तो एवढंच म्हणाला, "म्याडम, तुमची बस व्हती तवा मी हिला चौफुल्यावर सोडून निवांत रानात जायचो."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच बसले. राग कुणाचा करायचा, ते मला कळत नव्हतं. मसुदा तर मीच केला होता, शुद्धलेखनासकट.

पेपरात अपघाताची बातमी आली आणि नाना जागे झाले. नाना म्हणजे वरवंडच्या विकास सोसायटीचे चेअरमन. त्यांनी बिडकर साहेबांना फोन केला, साहेबांनी एका दिवसाची गाडी दिली. त्याच दिवशीचा तो नारळ. पुढच्या आठवड्यात तात्यांनी फोन केला. तात्या म्हणजे माजी सरपंच, नानांचे पक्के विरोधक. नानांच्या उद्घाटनात त्यांना बोलावलं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच बसचं दुसरं उद्घाटन केलं. भाषण जास्त लांब, नाश्ता जास्त चांगला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस नाही.

मी साहेबांना विचारलं, "साहेब, उद्घाटनाला गाडी मिळते, मग रूटला का नाही?"

"रूटला बोर्डाची मंजुरी लागते. उद्घाटन स्पेशल गाडीत धरतो. जनसंपर्क. ते माझ्या अधिकारात आहे."

"कितीही वेळा?"

"लोक बोलावतायत तर नाही कसं म्हणणार?" साहेब खूश होते. दोन्ही वेळा त्यांचा फोटो पेपरात आला होता.

संध्याकाळी मी शालनताईंना फोन करून हे सांगितलं. वैतागून सांगितलं, सुचवायला म्हणून नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजी उद्घाटन असंल तर बस येतीया?"

"हो."

"मग रोज करू की. आमाला काय धाड भरलीया?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

चार दिवसांनी पहिला अर्ज आला. भांडगावच्या महिला बचत गटाला वरवंडच्या बसचं उद्घाटन करायचं होतं, सकाळी सहाला. साहेबांची सही घेऊन मी स्पेशल गाडी लावली. गाडी ओवाळली, कुंकू लावलं, आणि पाहुण्या म्हणून जमलेल्या बायका डबे घेऊन आत बसल्या. पाहुण्यांना हडपसरपर्यंत नेणं आलं. संध्याकाळी घरी सोडणं आलं. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचं उद्घाटन, तेही सकाळी सहाला, म्हणून गाडी रात्री तिथंच थांबवणं आलं. गाडी आपोआप मुक्कामी झाली. मग तालमीचं उद्घाटन, मग दूध संकलन केंद्राचं, मग चौफुल्याच्या रिक्षावाल्यांचं. कंडक्टरने विचारलं, "मॅडम, पाहुणे तिकीट मागतायत. देऊ का?"

"पाहुण्यांना नाही म्हणू नका," मी म्हटलं.

नाना आणि तात्या दोघेही सहाला उठत नसत, त्यामुळे समारंभ आटोपशीर व्हायचे. पोपटरावांना आता ओसरीवर झोपायला जागा मिळाली, वर रोज ओवाळणं. ते मला म्हणाले, "मॅडम, एवढं तर लग्नात पण ओवाळलं नव्हतं."

काही आठवड्यांनी बिडकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एका बसचं किती वेळा उद्घाटन करायचं?"

"लोकांचा उत्साह आहे, साहेब."

"हा उत्साह तुम्हीच लावलाय. मला कळत नाही असं समजू नका. उद्यापासून बंद."

"करते बंद. फक्त उद्याचं उद्घाटन नानांच्या सूनबाईंच्या हस्ते आहे. परवाचं तात्यांच्या आईंच्या हस्ते. त्यांना आपण कळवाल का?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली डेपोत एक बस धुतली जात होती. मग म्हणाले, "तेरवा काय आहे?"

"भांडगावचे फुलवाले."

"तुम्ही जा. मी बघतो."

काय बघितलं ते मला बोर्डाच्या बैठकीत कळलं. निहारने नवा चार्ट आणला होता. गाडी गच्च भरलेली, उभ्या माणसांसकट. नाव होतं लोकसहभागातून मार्ग पुनरुज्जीवन, आणि ही कल्पना बिडकर साहेबांची होती, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. बोर्डाने रूट मंजूर केला. साहेबांना कुठल्याशा परिषदेत व्याख्यानाला बोलावलं. ते विमानाने गेले.

रूट कायम झाला तेव्हा साहेबांना वाटलं, आता खरं उद्घाटन करावं. ते स्वतः सकाळी सहाला वरवंडला आले, बरोबर मंडप, स्पीकर, फोटोग्राफर. नाना आणि तात्या पहिल्यांदाच एका स्टेजवर, एकमेकांकडे न बघता. साहेब माइकसमोर उभे राहिले. बसमध्ये बायका आधीच बसल्या होत्या, उद्घाटनाला म्हणून बोलावलेल्या भांडगावच्याही. साहेबांनी बोलायला सुरुवात केली तशी शालनताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"सायेब, भाषान चालू द्या, न्हाई कोण म्हनतंय? पर ते बस गेल्याव करा. आमची ड्युटी आठला हाय."

पोपटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं नाही. मान हलवली. बस सुटली. स्पीकरवर साहेबांचा आवाज येत होता, नाना-तात्या टाळ्या वाजवत होते, आणि मंडपासमोर आता कुणीही नव्हतं.

मी रिटायर झाले. नवीन शेड्यूलर मुलं कधीकधी भेटतात, काही सल्ला द्या म्हणतात. मी एकच देते. कायमची गोष्ट हवी असेल तर ती कायमची म्हणून कधीच मागू नका. एका दिवसापुरती मागा. एका दिवसाला कुणी नाही म्हणत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत मागा.