नणंदेला भेटायला येणारे

आजाऱ्याला भेटायला जावं आणि आपणच दमून परत यावं, असं आख्ख्या नागपुरात एकच घर होतं, आणि ते माझ्या मोठ्या नणंदेचं होतं. कॅन्सर तिला झाला होता, घाम मात्र भेटायला येणाऱ्यांना फुटायचा. गांधीबागेत तिच्या नवऱ्याचं साड्यांचं दुकान, वर घर. जिना चढून, चेहरा पाडून, अर्धा डझन संत्री घेऊन पाहुणी दारात उभी राहिली की ही दिवाणावरून फर्मान सोडायची, "या, बसा. हात धुतले का? मंग हा लसूण घ्या सोलाले." पाहुणीला आधी गंमत वाटायची, पाच मिनिटांनी ती मुकाट्यानं सोलत असायची. डोळ्याला पदर लावणाऱ्यांसाठी कांद्यांची वेगळी परात होती. "रडाचंच असन तं कांदे चिरता चिरता रडा वं बाई, माह्या संध्याकाळच्या भाजीचं तरी होईन." माझ्या चुलत सासूबाईंनी सुना आल्यापासून स्वैपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या तिच्याकडे किलोभर तूरडाळ निवडून गेल्या आणि घरी दोन दिवस कंबर धरून झोपल्या. मीही त्या लसूण सोलणाऱ्यांतलीच. फरक इतकाच, की तेव्हा माझ्या छातीत, डाव्या काखेजवळ, एक गाठ लागत होती आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीजवळ एक रामबाण उपाय आणि एक मेलेली नातेवाईक असायचीच. जरीपटक्याच्या एका बाईनं गव्हांकुराचा रस आणला, मौद्याच्या आतेभावानं कुठल्याशा वैद्याची पुडी. "आमच्या मावसबहिणीलेही हेच झालं होतं," एकीनं सुरुवात केली. "हो का? आता कशी आहे?" नणंदेनं फार आपुलकीनं विचारलं. बाई खिडकीबाहेर पाहू लागली. "सांगा ना, बरी आहे ना?" शेवटी ती बिचारी म्हणाली, "ते... दूर राह्यते आता." "पत्ता देऊन ठेवा," नणंद म्हणाली, "तिकडं गेली तं भेटीन." ती बाई पुन्हा आली नाही, आणि त्याचं नणंदेला मनापासून वाईट वाटलं, कारण तिच्या हाताला मेथी निवडायचा चांगला उरक होता. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तर हिनं "मंग काय घेऊ, ते लिहून द्या" म्हणून कागद पुढे केला. केस गेले तेव्हा नवऱ्यानं हौसेनं विग आणला. तिनं आरशात एकदाच पाहिलं आणि तो खाली दुकानातल्या पुतळ्याला घालून टाकला. "तिचं लगन व्हाचं आहे अजून, माहं झालं," म्हणाली. नवरा दोन दिवस बोलला नाही, पण विगही काढला नाही.

आता माझ्या शहाणपणाचं सांगते. आधी लेकाची बारावी होती. मग कुरड्या-पापडांचे दिवस आले, आणि ऊन वाया जाऊ द्यायचं नाही हे आमच्या घरातल्या बायकांना लहानपणापासून पढवलेलं. गाठ काय, कुठे पळून चालली होती? कुरड्यांना मात्र कडक ऊन लागतं! मग दिराकडचं लग्न. त्यानंतर नणंदेचंच इतकं चाललेलं, त्यात आणखी एक आजारी कशाला, असा थोर विचार मी केला. मी एम.ए. आहे, हेही इथे सांगून ठेवते.

आषाढातल्या एका दुपारी मी अशीच लसूण सोलत बसले होते. "डावा हात काहून आखडून राहिली वं?" नणंदेनं विचारलं. "काही नाही, अवघडलाय." "दाखव." मला आतल्या खोलीत नेऊन तिनं कडी लावली आणि बोटांनी चाचपून पाहिलं. तिचा चेहराच उतरला.

"कवापासून आहे?"

"फाल्गुनापासून."

तिनं बोटांवर महिने मोजले आणि मग जे तोंडसुख घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पुटपुटले, "ताई, तुमचंच आधी इतकं चाललंय..."

"माहं चालूनच राह्यते. ऊठ!"

आदल्याच दिवशी तिचं केमो झालं होतं, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. तरी डोक्याला रुमाल बांधून, जिन्यात दोनदा बसून, ती माझ्यासोबत ऑटोत चढली.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं सवयीनं तिचीच फाइल काढली. "मी नाही वं," नणंद ताठ होऊन म्हणाली, "आज मी सोबत आली." फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. नंतर बाकावर बसल्यावर मला रडू फुटलं. वाटलं, आता ही काहीतरी झोंबणारं बोलणार. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी वर्षभर दाबून ठेवली होती. पोरीचं लगन होऊन जाऊ दे म्हटलं. डॉक्टर म्हणे, तवाच आल्या असत्या तं..." पुढचं तिनं गिळलं. माझा हात मात्र आत बोलावेपर्यंत सोडला नाही.

माझी गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, मी आहे. ती पुढच्या चैत्रात गेली. मला ओढून न्यायला ती होती, तिच्या वेळी तिला ओढून न्यायला आमच्यातलं कोणीच नव्हतं, हे मला अजून सलतं. दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जाते. खिडकीवरची मुलगी न चुकता विचारते, "सोबतच्यांचा नंबर तोच ठेवू ना?"

"तोच," मी म्हणते.