आधी वहीत लिवा

कोल्हारच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाबाहेर, ओट्यावर, गहिनीनाथ नाना तीस वर्षं बसतात. दुकान त्यांचं नाही. त्यांचं म्हणजे नाव घालायचं मशीन, एक स्टूल आणि एक वही. लोक भांडं दुकानात घेतात आणि नाव नानांकडून घालून घेतात. लग्नाकार्यात चार घरं फिरून आलेलं पातेलं त्या नावावरून घरी परततं, याचा नानांना भारी अभिमान. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान समोरच आहे, त्यामुळे मी हे रोज बघतो.

वहीचा नियम असा, की नाव आधी गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं तिच्यात लिहायचं. फार पूर्वी एका नवरीच्या घागरीवर नानांनी कुणीतरी तोंडी सांगितलेलं नाव घातलं आणि ते निघालं तिच्या नणंदेचं. घागर नानांच्या गळ्यात पडली. अजून त्यांच्या मोरीत आहे. तेव्हापासून सरपंच आला तरी नाना वही पुढे सरकवत. "आधी वहीत लिवा. मंग मशीन."

त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर सुप्याच्या कारखान्यात आहे. पाच वर्षं तो पगारातून थोडे थोडे बिटकॉईन घेत होता. नानांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगा बाजारात गाळा घेणार आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लागणार, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. गावभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं.

हॅकरच्या बातम्या वाचून ज्ञानेश्वर घाबरला आणि माझ्याकडे आला. मी पडलो शहाणा. त्याला म्हटलं, "तुझ्या बिटकॉईनच्या पाकिटाची किल्ली म्हणजे ॲपनं दिलेले ते बारा इंग्रजी शब्द. ज्याच्या हातात शब्द, त्याचे पैसे. फोनमध्ये ठेवू नकोस, फोटो काढू नकोस, कुणाला पाठवू नकोस. कागदाला वाळवी लागते. स्टीलवर कोरून घे. कोरणारा घरातच आहे." या सल्ल्यावर मी चार दिवस खूश होतो.

नानांनी एका डब्याच्या तळाला आतून शब्द कोरले. इंग्रजी येत नसल्यानं एकेक अक्षर रांगोळीसारखं बघून काढलं. ज्ञानेश्वरनं शब्द वाचून दाखवले तेव्हा त्याच्या आईला, मालनबाईंना, आंबा आणि कांदा तेवढा कळला. "ही तिजोरी हाय का भाजीची पिशवी?" म्हणून त्या हसल्या आणि वर बाजरी भरून डबा फळीवर ठेवला. रशियातला हॅकर आला तरी त्याला आधी मालनबाईंच्या स्वयंपाकघरात यावं लागलं असतं.

लगेच अधिक महिना लागला. जावयांना द्यायच्या ताट-तांब्यांवर नावं घालायला नानांपुढे रांगा लागल्या. तो महिना संपला आणि एका सकाळी ज्ञानेश्वरनं पाकीट उघडलं, तर ते रिकामं होतं.

आम्ही नगरला सायबर पोलिसांकडे गेलो. साहेब भला माणूस होता. तक्रार घेतली आणि खरं ते सांगितलं, की असे पैसे सहसा परत येत नाहीत. मी ज्ञानेश्वरचा फोन उलटापालटा केला. कुठली लिंक नाही, कुठलं भलतं ॲप नाही. डबा जागेवर, बाजरी जागेवर. मला वाटलं, पोरगं काहीतरी लपवतंय, आणि तसं मी त्याच्या तोंडावर बोललो. त्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं मी नानांशेजारी चहा घेत होतो. एक बाई परात घेऊन आली. नानांनी वही फिरवून तिच्यापुढे केली. "लिवा ताई, सोताच्या हातानं."

कप तसाच ओट्यावर ठेवला. मी वही ओढून मागं चाळली. एका पानावर ज्ञानेश्वरच्या अक्षरात, एक ते बारा आकडे घालून, सगळे शब्द होते. बापाचा नियम पोरानं पाळला होता. आणि त्याच्याखाली, समोरच्या पानावर, अधिक महिन्यातल्या माणसांची नावं. त्या पानांवर प्रत्येकजण दोन मिनिटं वाकून लिहीत होता. फोटो काढायला दोन सेकंद पुरतात.

नाना म्हणाले, "म्याच लिवाय लावलं त्याला. तो म्हनत हुता, नाना, घरचंच हाय, ऱ्हाऊ द्या."

 काय काय टाळायचं ते सगळं सांगताना मलाही वही सुचली नव्हती, आणि ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

ज्ञानेश्वर बापाला एका शब्दानं बोलला नाही. जादा पाळ्या करतो, सणालाही क्वचित येतो. गाळा दुसऱ्यानं घेतला. मालनबाई त्या डब्यातली बाजरी काढत नाहीत, दुसरी आणतात.

परवा मी चिडून म्हटलं, "नाना, जाळून टाका ती वही."

"जाळून कसं चालंल? ज्यानं शब्द नेलं, त्यो हाय ह्यात." नानांनी चष्मा पुसला आणि ते पान काढलं. नावांवरून बोट खाली खाली नेत राहिले, पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या. "नाव सोता लिवलंय त्यानं. म्या त्याच्या भांड्यावं घातलंबी. त्याचं भांडं कुटं ऱ्हायलं, तर त्याला माघारी मिळंल."

मग त्यांनी वही फिरवली आणि समोरच्या गिऱ्हाइकापुढे केली.