साक्षीदाराची सही

आमच्या मालकांच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, ऑफिस रस्त्याला लागून होतं आणि आरा मशीन पार मागच्या शेडमध्ये. गिऱ्हाइकाने ऐनवेळी माप बदललं की माणूस पळत मागे जायचा, आणि तो पोचेपर्यंत ओंडका चिरलेला असायचा. शेवटी एका कंपनीकडून भाड्याने इंटरकॉम बसवायचं ठरलं.

मी तिथे कारकून होतो. कन्हानच्या शाळेत शिकलेला, घराण्यात पहिला बी.ए. झालेला. नोकरीसाठी नागपूरभर हिंडत होतो तेव्हा याच मालकांनी मला काम दिलं, टालीमागची खोली राहायला दिली. ते उपकार मी आजही मानतो. म्हणूनच कराराच्या दिवशी जे केलं ते सोपं नव्हतं.

करारासाठी आलेल्या माणसाला आधी पोटभर जेवू घालायचं, मग कागदाला कुंकू लावून मुहूर्तावर सह्या करायच्या, ही मालकांची रीत. साक्षीदाराची सही आधी, मालकांची सगळ्यांत शेवटी. आणि आपल्या घरी जेवलेल्या पाहुण्यासमोर त्याचा कागद वाचायचा नाही. तो त्याचा अपमान.

कंपनीचा माणूस पाटवडीचा रस्सा ओरपून तृप्त बसला होता. साक्षीदार मी, म्हणून मालकांनी कागद आधी माझ्यापुढे ठेवला. मी तो उलटला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत दाट इंग्रजी मजकूर होता. मी वाचायला लागलो.

पाहुणा हसून म्हणाला की सगळ्यांना हेच असतं, कोणी वाचत नाही. मालक खाकरले.

"काहून गा, सही काहून नाही करून राहिला?"

"वाचून राहिलो, मालक."

"पाहुणा आपल्या घरी जेवला, अन् तू त्याच्या तोंडासमोर त्याचा कागद तपासून राहिला? बी.ए. झाला म्हणून?"

कन्हानला लोक माझ्याकडे कागद आणायचे ते नेहमी अंगठा उठवून झाल्यावर. आपण काय कबूल करून बसलो ते माझ्याकडून ऐकायचे आणि मुकाट्याने घरी जायचे. सही व्हायच्या आधी कागद माझ्या हाती पडायची ही पहिलीच वेळ होती. मी मालकांना सांगितलं, नोकरी घ्या, खोली घ्या, पण न वाचता मी साक्षीदार होणार नाही.

मग एक कलम मोठ्याने मराठीत सांगितलं. धूळ, भुसा किंवा अति उष्णतेमुळे यंत्र बिघडलं तर कंपनी जबाबदार नाही. भाडं मात्र चालू राहील, आणि बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर करार मोडला असं धरलं जाईल.

मालक पाहुण्याकडे वळले. "आरा मशीनवर भुसा नाही तं का गुलाल उडन? अन् उन्हाळ्यात टाल का पचमढीले नेऊ?"

ते नुसतं छापलेलं असतं, पाहुणा म्हणाला.

"मग खोडा," मी म्हणालो, "आणि शेजारी सही करा."

तो अधिकार त्याला नव्हता. मुहूर्त टळला. मालकांनी माझ्याकडे न बघता कागद परत केला. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. या पोट्ट्याने मुहूर्त घालवला, पाहुणा उठवून लावला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मी माफी मागितली नाही.

काही आठवड्यांनी तोच माणूस परत आला. कलम खोडलेलं, शेजारी वरच्या साहेबांची सही आणि शिक्का. पुन्हा जेवण झालं, कुंकू लागलं. मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "कर लौकर."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चहा आला, त्यावर साय धरली. दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी मागची बाजू शेवटच्या शब्दापर्यंत संपवली, आणि मग सही केली.