सात नंबरची जर्सी

अन्याय झाला तो माझ्या मुलीवर. पोळा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, हिंगोलीत, शालेय फुटबॉलच्या जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मध्यंतरात. तिचं नाव मी लिहीत नाही. मला त्याची लाज वाटते असं नाही. मी नाव लिहिलं तर बंदी तिच्यावरच येईल, अशी सोय करून ठेवलेली आहे. ती सोय कुणी केली आणि कशी, तेवढंच सांगते.

मी पत्रकं लिहिणारी बाई. रेशनवर लिहिली, पाण्यावर लिहिली, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर लिहिली, आणि गोरेगावच्या बाजारात उभी राहून वाटली. पत्रकात रडायला जागा नसते. इथे जागा आहे, तरी रडणार नाही.

आमचं घर मेंढ्यांवर चालतं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवायला बोलावतात. एका रानात दोन-तीन रात्री, मग दुसरं रान. कळप उरलंसुरलं खातो, तुडवतो, आणि सकाळी मेंढ्या चरायला हलल्या की मागे मोकळी जमीन उरते. तेच माझ्या पोरीचं मैदान. लेंड्यांनी भरलेलं, आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलणारं. कुठे ढेकळं, कुठे उतार, कुठे भेग. चेंडू कसाही उसळायचा, आणि तरी तिचा पाय त्याच्या आधी तिथे असायचा. शाळेच्या मैदानावर ज्यांनी सराव केला त्यांना हे कधी जमलं नाही.

मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. मोबाइलवर बघून शिकले. माझ्या लक्षात आलं की पोरीचा उजवा पाय चांगला आहे आणि डावा नुसता सोबतीला आहे. मग मी तिचा उजवा बूट काढून घेतला. उजव्या पायात माझी रबरी चप्पल आणि डाव्यात बूट, असं खेळायचं. सवयीनं उजव्यानं मारलं की चप्पल चेंडूच्या पुढे उडायची. पोरगी रडायची. माझे सासरे बांधावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "काहून लेकराला लंगडी करून राहिली तू?" मी बूट दिला नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जड झाला होता. मारलेला चेंडू कुठे जाणार ते मारायच्या आधीच दिसावं, असा.

शाळेच्या खेळाच्या सरांनी तिला पाहिलं ते याच रानात. मोटारसायकल बांधाला लावून ते कितीतरी वेळ उभे होते. त्यांनीच मला निवासी क्रीडाशाळेबद्दल सांगितलं. राहणं, खाणं, शिकणं तिथेच, आणि रोज दोन वेळा खरा सराव, खऱ्या प्रशिक्षकांकडे. दिवाळीनंतर निवड चाचणी असते. आठवीच्या मुलींना ही शेवटची संधी, नववीत गेली की वय बसत नाही. माझी मुलगी आठवीत. चाचणीला उभं राहायचं तर जिल्हा स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. सर म्हणाले, त्याची काळजी करू नका, ते तर घरचं काम आहे.

त्या रात्री पोरीनं मला विचारलं होतं की तिथे दोन्ही बूट घालू देतात का.

आता आमच्याकडच्या शाळेत मुलींचा फुटबॉल कशासाठी असतो ते ऐका. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. जिल्हा जिंकून विभागावर गेलं की गुण पक्के. कबड्डी-खोखोत गर्दी फार, तिथे खरंच खेळावं लागतं. मुलींचा फुटबॉलचा संघ मात्र फारशा शाळा काढत नाहीत. म्हणून ज्यांच्या पोरींना दहावीत टक्का वाढवायचा आहे, ते सगळे जूनमध्ये अचानक फुटबॉलप्रेमी होतात. सतरा वर्षांखालच्या संघाची यादी भरली ती अशी. संस्थेच्या एका संचालकांची मुलगी, शिक्षकांच्या मुली, ठेकेदाराची पुतणी. त्यातल्या कितींनी चेंडूला कधी पाय लावला होता, हे त्यांनीच सांगावं. चौदा वर्षांखालचा संघ शाळेनं काढलाच नाही. आठवीच्या पोरींना गुण मिळत नाहीत, मग संघ कशाला?

माझ्या पोरीला यादीत जागा उरली नाही. सर म्हणाले, ती राखीव आहे. राखीव खेळाडूंची वेगळी यादी असते असं मला वाटलं. तशी कुठलीच यादी नव्हती.

संघाला पहिल्या दोन फेऱ्यांत पुढे चाल मिळाली, समोरचे संघ आलेच नाहीत. चेंडूला पाय न लावता पोरी अंतिम फेरीत. तिथे मात्र समोर खरोखर खेळणाऱ्या मुली निघाल्या. सकाळी सरांचा निरोप आला की मुलीला टेम्पोत पाठवा, राखीव म्हणून. तहसीलमधलं काम उरकून मी जीपनं मागून गेले. पोचले तेव्हा मध्यंतर झालं होतं आणि आमची शाळा दोन गोलांनी मागे होती.

टेम्पोच्या आडोशाला संचालकांची मुलगी सात नंबरची जर्सी काढत होती आणि माझी मुलगी ती अंगात घालत होती. मी सरांना विचारलं, हे काय चाललंय? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पंचांकडे सात नंबरला नाव आहे, चेहरा नाही. आता मधे पडू नका. जिंकलो तर हिला विभागावर मी स्वतः नेतो."

मी भांडले. जे बोलायचं ते बोलले, आणि थोडं जास्तच बोलले. पण पोरगी तोवर बूट आवळून उठली होती. "माय, तू गप बस ना. मला खेळू दे," म्हणाली आणि पळाली.

पहिल्या अर्ध्या खेळातली सात नंबर उंच आणि भरल्या अंगाची. दुसऱ्या अर्ध्यातली तिच्या खांद्याएवढी, जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबणारी. दोरीच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसलं. समोरच्या शाळेचे शिक्षक टेबलाकडे हरकत घ्यायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. टेबलामागे प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत यादीतल्या सात नंबरचे वडील, म्हणजे संचालक, बसले होते.

तिनं तीन गोल मारले. पहिले दोन मला नीट आठवतही नाहीत. तिसरा आठवतो. पाऊस येऊन गेलेला, गोलपुढे पाण्याचं डबकं. चेंडू त्यात येऊन थांबणार हे इतर कुणाला कळलं नाही. सगळ्या त्याच्या पुढे धावून घसरल्या. ही मागेच थांबली. ढेकळांच्या रानात शिकलेलं पोरगं, तिला ठाऊक होतं चेंडू कुठे मरतो ते. मग डाव्यानं मारला.

भोंग्यावरून संचालकांच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. माझ्या मुलीनं त्या नावाला हात वर केला.

परतताना टेम्पो कनेरगाव नाक्यावर ढाब्याला थांबला. जेवण संचालकांकडून. सरांनी यादी बघून ताटं सांगितली. माझी मुलगी यादीत नव्हती, तिच्या अंगावर आता जर्सीही नव्हती. ती माझ्याजवळ येऊन बाजूच्या बाजेवर बसली. मी तिला मिसळ घेऊन दिली. संघाच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं की तिकडून मेंढरांचा वास येऊन राहिला. सगळ्या हसल्या. तिच्या गोलांवर विभागाचे गुण घेऊन बसलेल्या पोरी. माझी पोरगीही हसली. तिला वाटलं आपण त्यांच्यातच आहोत.

पुढच्या सोमवारी शाळेत सत्कार ठेवला. मंडप, माइक, शाल-नारळ. सत्काराची ताटं धरायला दरवर्षी आठवीच्या मुली उभ्या करतात. माझ्या मुलीला पण ताट दिलं. गोल तिचे, शाल दुसरीला, आणि शाल वाहून न्यायची तिनंच.

कार्यक्रमाच्या आधी संचालकांची मुलगी व्हरांड्यात तिला शोधत आली. मी खांबाच्या पलीकडे होते. "शेवटचा गोल मी कसा मारला गं? पेपरवाला विचारणार आहे," ती म्हणाली. मला वाटलं, आता माझी पोरगी हिच्या तोंडावर काहीतरी बोलेल. पण तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्या गोलाबद्दल तिला कुणी पहिल्यांदा विचारलं होतं. तिनं खडा ठेवून दाखवलं. आधी थांबायचं ताई, धावायचं नाही. पाणी चेंडूला धरतं. उजवा पाय रोवायचा, वाकायचं नाही, आणि डाव्यानं. ताई धडा पाठ करावा तसं ओठांतल्या ओठांत म्हणत गेली.

मंचावर तिच्या हातात माइक आला. तिनं सगळं सांगितलं, पाणी, थांबणं, सगळं. आणि म्हणाली, मी उजव्या पायानं मारला.

"डाव्या," ताट धरून उभी असलेली माझी मुलगी हळूच म्हणाली.

माइकनं ते उचललं. पहिल्या रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, हिला बघा, हिला लई माहिती. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, आणि तिनं ताट खाली बघत पुढे केलं.

त्या दिवशी मी ऑफिसात गेले. सर होते, मुख्याध्यापक होते, संचालक होते. मी दोनच गोष्टी मागितल्या. मुलीला विभागावर न्या, आणि ती जिल्ह्याला खेळली असं लिहून द्या. सर म्हणाले, विभागावर आधार कार्ड बघतात, तिथे जमणार नाही. मैदानावर दिलेला शब्द त्यांना आठवत नव्हता. मी म्हटलं, मग तक्रार करते. संचालकांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. आवाज चढवला नाही की काही नाही.

"करा की. पण खोट्या नावानं खेळलं कोण, बाई? आमची पोरगी तर मध्यंतरानंतर टेम्पोत बसलेली होती. बंदी खेळणाऱ्यावर येते. तुमच्या पोरीचा खेळ जन्माचा बंद होईल, आमाला काय फरक पडून राहिला."

मी तो चहा प्यायले नाही. त्यापलीकडे त्या दिवशी मला काही करता आलं नाही.

संघ विभागावर जाऊन पहिल्याच सामन्यात आडवा झाला. गुण पक्के झाले. त्यानंतर त्यातली एकही मुलगी मैदानावर दिसलेली नाही.

निवड चाचणी दिवाळीनंतर आहे. क्रीडाशाळेच्या कार्यालयात मी स्वतः जाऊन विचारून आले. जर्सी शाळेनंच बदलली असं सामना पाहणाऱ्यांनी लिहून दिलं, तर मुलीवर दोष येणार नाही आणि तिला चाचणीला उभं करतील, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. घरच्यांची साक्ष चालत नाही. म्हणून मी दारोदार गेले. दोरीच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला पोरगी आठवते. चहावाल्याला डावा पाय आठवतो. समोरच्या शाळेच्या शिक्षकांना तर तिसरा गोल माझ्यापेक्षा नीट आठवतो, त्यांनी मला टेबलावर साखरदाणी ठेवून दाखवला. सही म्हटलं की सगळ्यांना आपापली बदली, आपापलं दुकान, आपापली दहावीतली पोर आठवते. बाकावर बसून गुण मिळवलेल्या एका मुलीच्या आईनं मला उंबऱ्यावरच थांबवलं. तुमची पोरगी लई भारी खेळली म्हणाली, देवाशप्पथ डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. मग विचारलं, "पण त्यात आमाला काहून घेता?"

परवा सकाळी पोरीनं डावा बूट काढून माझ्या हातात दिला. उजव्या पायात बूट, डाव्यात माझी चप्पल, अशी ती रानात निघाली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "डाव्यानं मारलं ते ताईच्या नावावर जातं. आता उजव्यानंच खेळते."

सासरे बांधावरच बसले होते. या वेळी ते उठून मेंढ्यांकडे निघून गेले.

मी अनेक पत्रकं लिहिली, आणि प्रत्येकात साहेबांकडे मागणी केली. ही मागणी साहेबांकडे नाही. तुमच्या घरात दहावीच्या गुणपत्रिकेवर खेळाचे गुण असतील तर ती आज बाहेर काढा आणि ज्या लेकराच्या पायांनी ते मिळाले, त्याचं नाव घरातल्या सगळ्यांसमोर घ्या. आणि तुम्ही, जे त्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर दोरीच्या मागे उभे होतात, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांनी जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबताना पाहिली, तुम्ही दिवाळीच्या आत क्रीडाशाळेत जा. मध्यंतरात सात नंबरची जर्सी कुणी कुणाच्या अंगावर चढवली ते लिहा आणि खाली सही करा. माझ्या मुलीचं नाव मी घेतलं तर ती बंदी ठरते, तुम्ही घेतलं तर साक्ष. जा आणि ते नाव घ्या.